वहिवाट की परवानगी?

रविवारी पहाटे वरळी सी-फेसवर सायकलस्वारांचा एखादा घोळका पोलिसांनी हटकला, की त्या घोळक्यातून एक वाक्य हमखास येते : ‘साहेब, आम्ही काही मोर्चा काढलेला नाही.’ बोलणारा सहसा सुशिक्षित, बऱ्या नोकरीतला, हेल्मेट घातलेला असतो. पोलिसालाही ते वाक्य पटते. ‘एका रांगेत चला, इथे गर्दी करू नका,’ असे बजावून तो सोडून देतो आणि प्रकरण मिटते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप पोलिसांच्या हटकण्याला आहेच; पण तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, तो या वाक्याला आहे. कारण हे वाक्य उच्चारणारा स्वतःची सुटका करून घेताना रस्त्यावरचा आपला हक्क सोडून देत असतो, आणि तो एकट्याचाच सोडत नाही.

वाक्य नीट तपासून पाहू. ‘आम्ही मोर्चा काढलेला नाही’ या विधानात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, मोर्चा असता तर अडवणे रास्तच ठरले असते. दोन, आम्ही मोर्चेकरी जातीचे लोक नव्हे, हे आमच्याकडे पाहून कळायला हवे. पहिले गृहीतक लोकशाहीविषयी आहे, दुसरे वर्गाविषयी. दोन्ही खोटी आहेत आणि दोन्ही परस्परांना धरून उभी आहेत.

‘मोर्चा’ हा शब्द फार्सी ‘मोर्चाल’वरून मराठीत आला. मूळ अर्थ तटबंदी, खंदक, लढाईत धरून ठेवलेली जागा. मराठी बखरकार मोर्चे ‘बांधतात’, तोफांचे मोर्चे ‘लावतात’. एका जागी घट्ट बसण्याचा हा शब्द विसाव्या शतकात चालणाऱ्या माणसांच्या रांगेला लागला, यात एक मर्म आहे : चालणारी रांगसुद्धा काही काळ जागा धरून असते. उलट ‘राईड’ हा शब्द जागेवर कोणताच दावा सांगत नाही. तो आरोग्याचा, हौसेचा, रविवारचा शब्द आहे. आणि पोलिसांच्या दप्तरातला शब्द या दोहोंहून वेगळा : ‘जमाव’. दप्तराला त्या माणसांचा हेतू ठाऊक नसतो, ठाऊक करून घेण्याची गरजही नसते. ते फक्त डोकी मोजते.

ही मोजणी पाचापासून सुरू होते. भारतीय दंड संहितेच्या कलम १४१ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये बेकायदा जमावाला किमान पाच माणसे लागतात. तिथे निदान त्या पाचांचा समान हेतू बेकायदा असावा लागतो. मुंबईच्या पोलिसांना त्याहून सोपे हत्यार उपलब्ध आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, कलम ३७. त्याखाली जमाव आणि मिरवणूक यांना बंदी घालता येते; मात्र राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय ती पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. मुंबईत असे आदेश वर्षानुवर्षे एकामागून एक निघत आले. पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला बंदी. अपवाद लग्नसमारंभ, अंत्ययात्रा, कंपन्या व सहकारी संस्थांच्या वैधानिक सभा, क्लब, चित्रपटगृहे, न्यायालये, कचेऱ्या, शाळा, कारखाने, दुकाने.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही अपवादांची यादी एखाद्या संहितेसारखी वाचावी अशी माझी शिफारस आहे. शासनाच्या कल्पनेतला नागरिक तिच्यात पुरता उभा राहतो. तो लग्न करतो, मरतो, नोकरी करतो, खरेदी करतो, सिनेमा पाहतो आणि सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहतो. यापैकी काहीही न करता तो आणखी चौघांबरोबर रस्त्यावर असेल तर त्याचे काय करायचे, हे यादीला ठाऊक नाही. आपल्याकडे ‘पाचांमुखी परमेश्वर’ म्हणतात. दप्तराच्या लेखी पाच मुखे एकत्र आली की परमेश्वर नव्हे, प्रकरण उभे राहते. सायकल काढून हाजी अलीवरून वरळीला चहा प्यायला निघालेले पाच मित्र या आदेशाच्या शब्दांत चपखल बसतात. त्यांच्यावर कारवाई होत नाही, हे खरे. पण ती न होणे हे कायद्याने दिलेले अभय नव्हे. ती पोलिसाच्या नजरेची मेहेरबानी आहे. आणि नजर माणसाचे कपडे पाहते.

इथे एक जुना निकाल आठवला पाहिजे. १९६९ मध्ये अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी रस्त्यावरच्या एका सभेला परवानगी नाकारली. गुजरात हा पूर्वीच्या मुंबई राज्याचा भाग असल्यामुळे तिथेही हाच मुंबई पोलीस अधिनियम लागू होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘हिंमतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद’ या खटल्यात १९७२ साली घटनापीठाने त्या अधिनियमाच्या कलम ३३ खाली केलेला परवानगीचा नियम रद्द ठरवला. निकालाचे सार असे की, रस्त्यावर जमण्याच्या हक्काचे नियमन शासन करू शकते, पण परवानगी देण्या-नाकारण्याचा अनिर्बंध अधिकार अधिकाऱ्याच्या हाती सोपवून तो हक्कच नाहीसा करू शकत नाही. नियमन आणि मनाई यांत फरक आहे. वरळीच्या सिग्नलपाशी हटकले गेल्यावर सायकलस्वाराने हा फरक सांगायला हवा. तो सांगतो काय, तर आपण मोर्चा नाही म्हणून.

आता पोलिसांच्या बाजूकडे येऊ. त्यांचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे नाही. पंधरावीस जणांचा घोळका चौघे-चौघे ओळीने जातो, पहाट आहे म्हणून लाल दिवा ओलांडतो, वळणावर हाताने खूण करत नाही. हे घडते. रात्रपाळी संपत आलेल्या शिपायाला त्याचा त्रास होतो, आणि तो शिपाई कोणी परका नसतो. वरळीच्या बीडीडी चाळींत पोलिसांची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. सिग्नल तोडणाऱ्या सायकलस्वाराला समज द्यावी, दंड करावा. ते नियमन झाले. पण पोलिसांचा नेहमीचा युक्तिवाद सिग्नलचा नसतो. तो असतो : ‘तुमच्याच सुरक्षेसाठी.’

या युक्तिवादाची परीक्षा वरळीइतकी चांगली अन्यत्र कुठे होणार नाही. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूचे उद्घाटन झाले. साडेपाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा हा पूल, आणि त्यावर पहिल्या दिवसापासून पादचारी, सायकल, रिक्षा, दुचाकी यांना मज्जाव. ११ मार्च २०२४ रोजी वरळी ते मरीन ड्राइव्ह या किनारी रस्त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. एकूण लांबी १०.५८ किलोमीटर, वेगमर्यादा सरळ भागात ताशी ८० किलोमीटर. खर्च महापालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्याही खिशातून. त्यावरही सायकलीला, दुचाकीला, पायी चालणाऱ्याला बंदी. कारण एकच : वेगवान मोटारींमध्ये तुम्हाला धोका आहे. युक्तिवादाची घडण पाहा. धोका मोटारीपासून आहे हे मान्य; म्हणून ज्याला धोका आहे त्याला बाहेर काढायचे आणि ज्याच्यापासून धोका आहे त्याच्यासाठी रस्ता बांधायचा.

बाहेर काढलेला माणूस जातो कुठे? खालच्या रस्त्यावर. ७ जुलै २०२४ रोजी पहाटे वरळीच्या अ‍ॅनी बेझंट मार्गावर एका बीएमडब्ल्यू मोटारीने दुचाकीवरून मासळी घेऊन येणाऱ्या कोळीवाड्यातल्या दाम्पत्याला उडवले. त्यात पत्नीचा मृत्यू झाला. ही वेळ ग्रुप राईडचीच वेळ. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला नवी मुंबईत पाम बीच मार्गावर साथीदारांसह सायकल चालवणाऱ्या एका ज्येष्ठ अभियंत्याचा टॅक्सीच्या धडकेने मृत्यू झाला होता. पहाटेच्या रस्त्यावर एकट्याने सायकल चालवणे धोक्याचे आहे, म्हणून तर माणसे घोळक्याने निघतात. दहा दिवे एकत्र दिसले तर मोटारवाल्याला ते दिसतात. सायकलस्वारांचा जमाव हीच त्यांची सुरक्षा आहे. ‘तुमच्याच सुरक्षेसाठी’ तो पांगवणे म्हणजे पावसात माणसाची छत्री त्याला सर्दी होऊ नये म्हणून काढून घेणे होय.

शिवाय सागरी सेतूवर माणूस चालूच शकत नाही, असेही नाही. २०१० पासून मुंबई मॅरेथॉनचे धावपटू जानेवारीतल्या एका रविवारी त्याच सेतूवरून धावत आले आहेत. त्या सकाळी पोलीस मोटारी अडवतात आणि माणसांना वाट करून देतात. वारा तोच, समुद्र तोच. बदल झालेला असतो तो इतकाच, की त्या सकाळी जमावाच्या छातीवर क्रमांक असतो आणि शर्यतीच्या नावात आधी एका बँकेचे, नंतर एका उद्योगसमूहाचे नाव असते. मॅरेथॉनला माझा विरोध नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट सिद्ध झाली : हजारो माणसांनी रस्ता व्यापणे ही मुंबई पोलिसांना न झेपणारी गोष्ट नाही. त्यांना जमाव चालतो. जमावाला प्रायोजक असावा लागतो.

यावर उत्तर येईल की सायकलस्वारांनाही सवलती मिळाल्या आहेत. मिळाल्या आहेत, त्यांचा स्वभाव पाहू. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने एनसीपीए ते वरळी असा सायकलमार्ग सुरू केला. पण तो रविवार सकाळपुरता. मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी ‘संडे स्ट्रीट’ हा उपक्रम काढला. काही रस्ते रविवारी सकाळी मोटारींना बंद करून मुलांना, सायकलींना, योगासनांना दिले. उपक्रम चांगला होता. पण तो एका आयुक्ताच्या उत्साहावर उभा होता आणि ते आयुक्त ३० जून २०२२ रोजी निवृत्त झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये किनारी रस्त्यालगतची समुद्राकाठची वाट खुली झाली. तिचे सरकारी नाव ‘विहारपथ’. नावे ठेवणाऱ्यांनी नकळत सगळे सांगून टाकले आहे. मोटारीला ‘मार्ग’, माणसाला ‘विहार’. मार्ग कुठे तरी पोहोचवतो. विहार करून माणूस निघाला तिथेच परत येतो. सोमवारी सकाळी सायकलवरून लोअर परळच्या कचेरीत जाणाऱ्याला विहारपथाचा उपयोग काय? वांद्रे-कुर्ला संकुलात कचेऱ्यांच्या दारापर्यंत नेणारे सायकलमार्ग बांधले गेले होते. त्यांवर मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि शेवटी २०२५ मध्ये ते काढून मोटारींना एक मार्गिका वाढवून देण्याचे ठरले.

शासनाला सायकल कोणत्या रूपात आवडते, याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा मात्र २०२० सालचा आहे. ३१ मे २०२० च्या टाळेबंदी शिथिल करणाऱ्या आदेशात राज्य शासनाने मोकळ्या जागी व्यायामाला मुभा दिली, सामूहिक उपक्रमांना मनाई केली, आणि सायकल चालवण्याला खास उत्तेजन दिले. कारण सायकलीमुळे माणसामाणसांत अंतर आपोआप राहते. महामारीत हे योग्यच होते. पण वाक्य महामारीपुरते राहिलेले नाही. आजही शासनाला सायकलस्वार हवा आहे तो असाच : एकटा, अंतर राखून, व्यायामापुरता, सकाळी लवकर आणि घरी परत. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत, ही मुभाही गेली. दिलेली गोष्ट परत घेता येते, हा सवलतीचा गुणधर्मच आहे.

आता त्या वाक्यातल्या दुसऱ्या गृहीतकाकडे वळतो, वर्गाच्या. मराठीत सायकल चालवणाऱ्याला तीन नावे आहेत. ‘सायकलपटू’ला बातमीत नाव आणि छायाचित्र मिळते. ‘सायकलस्वार’ अपघाताच्या बातमीत येतो. आणि ‘सायकलवाला’ हा बातमीत येतच नाही; तो दूध, पाव, वर्तमानपत्र, इडली, चहा घेऊन येतो. पहाटेच्या वरळीत हे तिघेही एकाच रस्त्यावर, एकाच वेळी असतात. सी-फेसवर सायकलपटूंचा घोळका ज्याच्याकडून चहा घेतो, तो चहावाला सायकलवरच आलेला असतो. पालिकेची गाडी आली, की पळापळ त्या चहावाल्याची होते आणि उचलली जाते ती त्याची सायकल. घोळका चहाचे पैसे देऊन निघतो. आपल्या शेजारची सायकल जप्त होताना आपल्या सायकलीचे काही बिघडले आहे, असे त्याला वाटत नाही. रस्त्यावर फिरत्या विक्रेत्याच्या हक्कासाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, हे त्या घोळक्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

सायकलवाल्याशी पोलिसांचे नाते जुने आहे. सायकल हे मोटार वाहन नव्हे. तिला परवाना नाही, क्रमांकाची पाटी नाही, त्यामुळे तिच्यावर यंत्राने चलन फाडता येत नाही. म्हणून महाराष्ट्राच्या गावोगावी विनादिवा किंवा डबलसीट जाणाऱ्यासाठी एक शिक्षा रूढ झाली : चाकातली हवा सोडून देणे. या शिक्षेची पावती नाही, नोंद नाही, अपील नाही. ज्याला पुढे पाच मैल जायचे आहे त्याने सायकल हातात धरून चालत जायचे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींत हा प्रसंग विनोद म्हणून येतो. तो विनोद नाही. कायद्याबाहेरच्या शिक्षेची ती रोजची, छोटी, अंगवळणी पडलेली आवृत्ती आहे.

इथे आपणा साहित्यवाल्यांनाही थोडे बोलले पाहिजे. मराठी ललित गद्यात सायकल भरपूर आहे, पण ती जवळजवळ नेहमी स्मरणरंजनाची सायकल आहे. वडिलांची, भाड्याने तासाभरासाठी आणलेली, दांडीखालून पाय घालून शिकलेली, पहिल्या प्रेमाच्या गल्लीतून उगाच फिरवलेली. दर दिवाळी अंकात ती एकदा तरी येते. प्रकाश कुंटे यांच्या २०१८ सालच्या ‘सायकल’ या चित्रपटातही चोरीला गेलेली सायकल जुन्या कोकणातल्या माणुसकीची खूण होते. चित्रपट गोड आहे. माझी तक्रार त्या एका चित्रपटाशी नसून या एकाच सुराशी आहे. डी सिकाच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये चोरीला गेलेली सायकल म्हणजे गेलेली नोकरी असते, आणि पोलीस चौकीत ती केवळ एक सायकल ठरते. आपल्या अभ्यासक्रमांत तो चित्रपट वर्षानुवर्षे शिकवला जातो. तरी आपल्या लेखनातली सायकल भूतकाळातच फिरते, आणि एकटीच फिरते. सायकलींचा समूह, रस्त्यावर हक्क सांगणारा, पोलिसांसमोर उभा राहिलेला समूह, माझ्या वाचनात तरी मराठीत क्वचितच आला. जे भाषेत गोड आठवण म्हणूनच शिल्लक राहते, त्याला वर्तमानात जागा मागायचे शब्द सापडत नाहीत. मग ‘राईड’ हा उसना शब्द उरतो आणि ‘मोर्चा नाही’ हा नकार उरतो.

खरे तर शब्द आपल्याकडे आहे. तो तलाठ्याच्या दप्तरात, शेताच्या बांधावर, गावकीच्या भांडणात रोज वापरला जातो : ‘वहिवाट’. एखाद्या वाटेने लोक पिढ्यान् पिढ्या जात असतील तर त्या जाण्यातूनच हक्क तयार होतो, हा त्याचा अर्थ. त्या हक्काचा उगम परवानगीत नसतो, वापरात असतो. पंढरीच्या वाटेवर दिंड्या चालतात तेव्हा पोलीस वाहतूक वळवतात, पाणी-औषधाची सोय पाहतात. दिंडीने चालावे की नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

नेमका हाच प्रश्न लंडनमध्ये सायकलींच्या संदर्भात न्यायालयापुढे आला होता. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ‘क्रिटिकल मास’ ही सामूहिक सायकलफेरी १९९४ पासून लंडनमध्येही दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघू लागली. तिला संयोजक नाही, ठरलेला मार्ग नाही. पुढचा जिकडे वळेल तिकडे मागचे. २००५ मध्ये पोलिसांनी फेरीत पत्रके वाटून बजावले की पूर्वसूचना आणि मार्ग कळवल्याशिवाय ही मिरवणूक बेकायदा आहे. तिथल्या १९८६ च्या कायद्यात रूढीने निघणाऱ्या मिरवणुकांना पूर्वसूचनेतून सूट होती. मार्गच ठरलेला नसेल तर रूढी कसली, असा पोलिसांचा सवाल. नोव्हेंबर २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल सायकलस्वारांच्या बाजूने दिला : ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागेवरून वर्षानुवर्षे निघणारी ही फेरी रूढीचीच आहे, मार्ग दर वेळी बदलला तरी. मराठीत सांगायचे तर लॉर्डांनी वहिवाट मान्य केली.

त्याच काळात न्यूयॉर्कने उलटी दिशा धरली. ऑगस्ट २००४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाच्या तोंडावर तिथल्या फेरीतून अडीचशेहून अधिक सायकलस्वारांना अटक झाली. २००७ मध्ये पन्नास किंवा अधिक जणांच्या फेरीला परवाना सक्तीचा झाला. (न्यूयॉर्कचा जमाव पन्नासाचा, मुंबईचा पाचाचा, एवढ्या बाबतीत तरी आपण पुढे आहोत.) जुलै २००८ मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये एका पोलिसाने फेरीतल्या सायकलस्वाराला ढकलून पाडले आणि त्यानेच अंगावर सायकल घातली अशी फिर्याद लिहिली. कोणीतरी केलेले चित्रीकरण पुढे आले, आणि २०१० मध्ये तो पोलीस खोट्या फिर्यादीबद्दल दोषी ठरला. लंडनचा विजयही कायमचा ठरला नाही. २०१२ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या रात्री तिथे १८२ जणांना पकडले. त्यातल्या बहुतेकांवर पुढे आरोपही ठेवले गेले नाहीत. तरी दोन शहरांतला फरक उरतोच. एकीकडे पोलिसांना रूढी मोडण्याचे कारण द्यावे लागते, दुसरीकडे सायकलस्वाराला निघण्याचे कारण द्यावे लागते.

हा दाखला परदेशी म्हणून बाजूला सारणाऱ्यांसाठी दुसरा दाखला खुद्द वरळीतला आहे. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडणारा पूल वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जातो. आराखड्यात त्याच्या खांबांमध्ये ६० मीटरांचे अंतर होते. कोळी म्हणाले, भरतीच्या पाण्यात, वाऱ्यात एवढ्या फटीतून होड्या काढणे जिवावरचे आहे; आमची ही पूर्वापारची वाट आहे. त्यांनी होड्या आडव्या घालून समुद्रातले काम रोखून धरले. त्यांना विकासविरोधी म्हटले गेले, नुकसानभरपाई पुढे केली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये अखेर शासनाने त्या जागी खांबांतले अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. कोळ्यांची मागणी याहून मोठी होती, हेही नमूद केले पाहिजे. पण हजारो कोटींच्या प्रकल्पाला त्यांनी आराखडा बदलायला लावला. ‘आम्ही काही मोर्चा काढलेला नाही’ असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी होड्यांचाच मोर्चा लावला, शब्दाच्या जुन्या अर्थाने : जागा धरून ठेवली.

वरळीच्या जमिनीला हे नवे नाही. १९३० च्या कायदेभंगात मुंबईत पहाटे प्रभातफेऱ्या निघत, आणि पकडलेल्या सत्याग्रहींना ठेवायला वरळीच्या याच बीडीडी चाळींचा तुरुंग केला होता. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर याच चाळींत दंगल आणि गोळीबार झाला. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चात परळला भागवत जाधव मारले गेले. गिरणी कामगारांच्या मोर्चांनी हे रस्ते दशकानुदशके पाहिले. आज सी-फेसवर पाच जणांना एकत्र उभे राहून चहा पिता येतो, याचे थोडेबहुत श्रेय अशा माणसांना आहे. त्यांच्यापासून अंग चोरून घेणे कृतघ्नपणाचे आहे. शिवाय ते निरुपयोगीही आहे. मोर्चाला आझाद मैदानात कोंडणारे शहर सायकलीला विहारपथावर कोंडते, तेव्हा दोन्हीमागचा विचार एकच असतो : रस्ता हा वाहनांच्या वाहतुकीसाठी असून माणसांना त्यावर यायचे तर जागा आणि वेळ नेमून दिली जाईल.

एक आक्षेप उरतो. सायकल चालवणारे लोक मुळात राजकारण नको म्हणूनच तिकडे येतात. प्रत्येक फेरीला हक्काची लढाई केली तर घोळका फुटेल. शक्य आहे. सगळ्यांनी घोषणा द्याव्यात असे माझे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की, हटकले गेल्यावर उत्तर देताना कोणाला तरी खाली ढकलून आपण वर चढू नये. आणि मागायचे तर मागण्या हक्काच्या भाषेत असाव्यात. जमावबंदीच्या आदेशात हेतू आणि कारण लिहिलेले असावे, नुसती डोकी मोजलेली नसावीत. सायकल अडवली वा जप्त केली तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मिळावे. मग ती सायकल लाखाची असो की चहाची किटली बांधलेली. वरळीहून शहरात कामाला जाता येईल असा सायकलमार्ग सातही दिवस असावा. आणि सिग्नल आपणही पाळावा, कारण नियमन मान्य करणाऱ्यालाच मनाई नाकारता येते.

यातली कोणतीही मागणी एकट्या सायकलपटूच्या तोंडी शोभणार नाही. ती पाववाल्याबरोबर, चहावाल्याबरोबर, कोळीवाड्याबरोबर करावी लागेल. तसे झाले तर पोलीस त्याला मोर्चा म्हणतील. म्हणू देत.